विश्लेषण : एक अब्ज पौंडांचे स्टेडियम फेडायचे कसे? टॉटनहॅमच्या सरकत्या मैदानाचा हिशेब

लंडनच्या उत्तर भागात एक फुटबॉल मैदान आहे, जे पंचवीस मिनिटांत जागेवरून नाहीसे होते. हिरवळीसकट तीन तुकडे होतात, प्रेक्षकांच्या स्टँडखाली सरकतात आणि खालून दुसरे मैदान वर दिसू लागते. टॉटनहॅम हॉटस्पर क्लबच्या या स्टेडियमसाठी साधारण एक अब्ज पौंड लागले. पौंडामागे ११० रुपये धरले तर ही रक्कम ११ हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. त्यातला मोठा वाटा कर्जाचा. क्लबला वर्षाला घरच्या मैदानावर जेमतेम २५-३० सामने मिळतात. मग एवढा पैसा परत येतो कसा? आणि तो आणताना संघ, चाहते व आसपासचे रहिवासी यांच्या वाट्याला काय येते?

जुने मैदान पाडण्याची वेळ का आली?

टॉटनहॅमचे जुने मैदान म्हणजे ‘व्हाइट हार्ट लेन’. शतकाहून अधिक काळ क्लब तिथेच खेळला. पण त्याची प्रेक्षकक्षमता होती सुमारे ३६ हजार. शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनल २००६ मध्ये ३८ हजारांच्या ‘हायबरी’तून ६० हजारांच्या ‘एमिरेट्स’ स्टेडियममध्ये गेला. मँचेस्टर युनायटेडचे ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ तर ७० हजारांच्या पुढचे. म्हणजे प्रत्येक घरच्या सामन्याला टॉटनहॅमची तिकीटविक्री प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कितीतरी कमी. खेळाडूंचे पगार मात्र सर्वांना एकाच बाजारभावाने द्यावे लागतात.

दुसरे कारण नियमांत आहे. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ च्या हंगामापर्यंत क्लबला तीन वर्षांत किती तोटा सहन करता येईल याची मर्यादा ठरलेली होती. मात्र स्टेडियम, अकादमी अशा पायाभूत गोष्टींवरचा खर्च त्या हिशेबात धरला जात नव्हता. स्टेडियममधून येणारे उत्पन्न मात्र धरले जात होते. थोडक्यात, मालकाने खेळाडूंवर वाटेल तसा पैसा ओतला तर नियम आडवा येत होता. स्टेडियमवर ओतला तर येत नव्हता. उलट, पुढे खेळाडूंवर खर्च करण्याची ऐपत वाढत होती.

व्हाइट हार्ट लेनवरचा शेवटचा सामना १४ मे २०१७ रोजी झाला. टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला २-१ असे हरवले आणि लगेच पाडकाम सुरू झाले. नवे स्टेडियम जुन्याला लागूनच, त्याची जागा सामावून घेत उभे राहिले.

ऑलिम्पिक स्टेडियम का घेतले नाही?

तो प्रयत्न झाला होता. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी पूर्व लंडनमध्ये उभारलेल्या स्टेडियमचे पुढे काय करायचे, यावर टॉटनहॅम आणि वेस्ट हॅम या दोन क्लबांत चुरस होती. धावपट्टी असलेल्या मैदानात फुटबॉल बघण्यात मजा नाही, तेव्हा बरेचसे स्टेडियम पाडून तिथे फक्त फुटबॉलचे बांधू आणि ॲथलेटिक्ससाठी क्रिस्टल पॅलेसचे जुने मैदान सुधारून देऊ, असा टॉटनहॅमचा प्रस्ताव होता. नुकतेच उभे राहणारे ऑलिम्पिक स्टेडियम पाडण्याची कल्पना पचनी पडणे अवघडच होते. फेब्रुवारी २०११ मध्ये कौल वेस्ट हॅमच्या बाजूने लागला. त्यानंतर निविदा प्रक्रिया रद्द होऊन नव्याने झाली, पण अखेर २०१६ मध्ये वेस्ट हॅमच तिथे राहायला गेला.

यामुळे लंडनमध्ये एक आयती तुलना तयार झाली. एकाच शहरात, तीन वर्षांच्या अंतराने, दोन क्लब नव्या घरी गेले. दोन्ही स्टेडियमची प्रेक्षकक्षमता ६२ हजारांच्या आसपास. एक सरकारी पैशाने उभे, दुसरे क्लबच्या कर्जाने.

धावपट्टीने एवढा काय फरक पडतो?

याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. स्टेडियमचा आराखडा करताना अभियंते ‘सी-व्हॅल्यू’ नावाचा एक आकडा मोजतात. मैदानाच्या कडेकडे बघणाऱ्या प्रेक्षकाची नजर पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती उंचीवरून जाते, ते अंतर म्हणजे सी-व्हॅल्यू. ९ सेंटिमीटर असेल तर चांगले, १२ असेल तर उत्तम. ६ च्या खाली गेले की मान वाकडी करून बघावे लागते.

हे अंतर टिकवायचे तर मागची प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा थोडी जास्त उंच उचलावी लागते. म्हणून चांगल्या स्टँडचा छेद सरळ उताराचा नसतो. तो मागे जाताना अधिकाधिक उभा होत जातो. पहिली रांग मैदानाच्या जितकी जवळ, तितका स्टँडचा चढ तीव्र. पहिली रांग धावपट्टीमुळे दूर गेली की चढ कमी पुरतो, स्टँड पसरट होतो आणि शेवटच्या रांगेतला प्रेक्षक आणखी लांब जातो. असे पसरट स्टेडियम नंतर फुटबॉलसाठी वापरायचे म्हटले तर पुढे सरकत्या खुर्च्या लावता येतात, पण मूळ चढ बदलता येत नाही.

टॉटनहॅमने ‘पॉप्युलस’ या वास्तुरचनाकार कंपनीकडून करून घेतलेल्या आराखड्यात सगळा भर जवळिकीवर आहे. सर्वांत जवळची रांग मैदानाच्या रेषेपासून पाच मीटरच्या आसपास आहे. दक्षिणेकडचा स्टँड हा या रचनेचा मुख्य भाग. १७,५०० प्रेक्षकांचा हा स्टँड एकाच सलग उताराचा आहे, मध्ये मजले नाहीत. जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंड क्लबच्या प्रसिद्ध ‘पिवळ्या भिंती’वरून ही कल्पना घेतली. मजले नसल्याने आवाज तुटत नाही. हजारो लोकांचे एका सुरातले गाणे छताला आपटून पुन्हा मैदानात येते.

अशा स्टँडला तोटाही आहे. मजले काढले की मधल्या मोक्याच्या जागी काचेच्या महागड्या खोल्या बसवता येत नाहीत. तो पैसा दुसरीकडून काढावा लागतो. म्हणून पूर्व व पश्चिमेच्या स्टँडमध्ये अशा खोल्या, उपाहारगृहे आणि खास सभासदांच्या जागा भरपूर आहेत. खेळाडू मैदानात जातात त्या बोगद्याला काचेची भिंत आहे आणि पलीकडे बसून जेवण्यासाठी लोक मोठी रक्कम मोजतात.

मैदान सरकते कसे?

आधी ते का सरकवायचे, हे पाहू. अमेरिकन फुटबॉलची संघटना एनएफएल काही वर्षांपासून लंडनमध्ये सामने भरवते. धिप्पाड खेळाडू, खिळ्यांचे बूट आणि सतत एकाच पट्ट्यात होणारी झटापट यामुळे गवताची वाट लागते. ऑक्टोबर २०१८ मध्ये याचा अनुभव खुद्द टॉटनहॅमलाच आला. नवे स्टेडियम तयार नसल्याने क्लब तेव्हा वेम्बलीवर खेळत होता. तिथे रविवारी एनएफएलचा सामना झाला आणि सोमवारी टॉटनहॅम-मँचेस्टर सिटी. गवत उखडलेले होते आणि अमेरिकन फुटबॉलच्या खुणा टीव्हीवरही स्पष्ट दिसत होत्या.

नव्या स्टेडियममध्ये म्हणून दोन मैदाने एकावर एक आहेत. वरचे, फुटबॉलचे, खऱ्या गवताचे. त्यात मजबुतीसाठी कृत्रिम धागे विणलेले. खालचे, एनएफएलचे, पूर्ण कृत्रिम. खालचे मैदान सुमारे १.६ मीटर खोल आहे. एनएफएलमध्ये सीमारेषेवर राखीव खेळाडू आणि प्रशिक्षकांचा घोळका सतत उभा असतो. मैदान खाली असल्याने पहिल्या रांगांतल्या प्रेक्षकांना त्यांच्या डोक्यावरून खेळ दिसतो. पुन्हा तीच सी-व्हॅल्यूची भूमिती.

वरचे मैदान पोलादी तबकांत बसवलेले आहे. त्याचे लांबीच्या दिशेने तीन भाग होतात आणि प्रत्येक भागाचे वजन तीन हजार टनांहून अधिक आहे. तीनच का? कारण दक्षिण स्टँडचा भार झाडाच्या फांद्यांसारख्या फुटणाऱ्या दोन अवाढव्य पोलादी खांबांवर घेतला आहे. दोन खांबांमुळे तीन वाटा तयार होतात आणि मैदानाचा एकेक भाग एकेका वाटेने स्टँडखाली जातो. विजेच्या मोटारी, चाके आणि रूळ यांच्या साहाय्याने हे काम सुमारे २५ मिनिटांत होते. परत जोडताना सांधा खेळाडूच्या पायाला जाणवता कामा नये, ही खरी कसोटी.

आत गेलेल्या गवताला ऊन मिळत नाही. त्यासाठी स्टँडखालच्या जागेत दिव्यांची, पाण्याची आणि खेळत्या हवेची सोय आहे. म्हणजे वर अमेरिकन फुटबॉल किंवा गाण्याचा कार्यक्रम चालू असताना हिरवळ खाली तळघरात वाढत असते.

पैसा कोठून आला?

हे स्टेडियम सरकारने बांधून दिलेले नाही आणि मालकाने खिशातून बक्षीसही दिलेले नाही. २००१ पासून क्लबची मालकी असलेल्या ‘एनिक’ कंपनीने आणि तेव्हाचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांनी कर्जाचा मार्ग निवडला.

मे २०१७ मध्ये बँक ऑफ अमेरिका मेरिल लिंच, गोल्डमन सॅक्स आणि एचएसबीसी या तीन बँकांकडून ४० कोटी पौंडांचे पाच वर्षांचे कर्ज घेण्यात आले. बांधकाम सुरू झाल्यावर खर्च वाढला. अंतर्गत सुरक्षा यंत्रणांमध्ये दोष सापडल्याने ऑगस्ट-सप्टेंबर २०१८ चे उद्घाटन पुढे गेले. कर्जाची मर्यादा वाढून ६३.७ कोटी पौंडांवर पोहोचली. अखेर ३ एप्रिल २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध स्टेडियममधला पहिला अधिकृत सामना झाला आणि दक्षिण कोरियाच्या सन ह्युंग-मिनने पहिला गोल केला.

खरी आर्थिक खेळी त्यानंतरची. पाच वर्षांत फेडायचे बँकेचे कर्ज म्हणजे क्लबच्या डोक्यावर टांगती तलवार. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यातल्या ५२.५ कोटी पौंडांचे दीर्घ मुदतीच्या कर्जरोख्यांत रूपांतर करण्यात आले. मुदत १५ ते ३० वर्षे, सरासरी २३ वर्षे. व्याजदर सरासरी २.६६ टक्के. रोखे घेणारे होते प्रामुख्याने अमेरिकेतील गुंतवणूकदार.

साधा गुणाकार केला तर या रोख्यांचे व्याज वर्षाला सुमारे १.४ कोटी पौंड होते. हाच दर सहा टक्के असता तर व्याज ३.१५ कोटी पौंड झाले असते. पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्के असलेला बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ टक्क्यांवर गेला. ज्यांनी स्वस्ताईच्या काळात दर बांधून घेतला ते वाचले.

तरीही धोका टळला नव्हता. उद्घाटनाला वर्ष होत नाही तोच करोनाची टाळेबंदी आली आणि स्टेडियम रिकामे पडले. जून २०२० मध्ये क्लबने बँक ऑफ इंग्लंडच्या करोनाकाळातील योजनेतून १७.५ कोटी पौंड ०.५९ टक्के दराने घेतले. स्टेडियमच्या कमाईवर कर्ज काढले आणि नेमके स्टेडियमच बंद पडले तर काय होते, याचा तो धडा होता.

मग कमाई होते कशी?

२०२२-२३ च्या हंगामात क्लबला सामन्यांच्या दिवसांतून ११.७६ कोटी पौंड मिळाले. एकूण उत्पन्न होते ५४.९६ कोटी पौंड. म्हणजे रोख्यांचे वर्षभराचे व्याज सामन्यांच्या कमाईच्या सुमारे १२ टक्के भरते. मुद्दल वेगळे, देखभाल वेगळी; पण ओझे पेलण्याजोगे आहे.

यात निव्वळ तिकिटांचा वाटा नाही. प्रेक्षक सामन्याच्या दोन तास आधी यावा आणि संपल्यावरही रेंगाळावा, अशी सगळी मांडणी आहे. गोलरेषेइतका म्हणजे ६५ मीटर लांब बार आहे, स्टेडियममध्येच बिअर बनते, तळातून भरणारे ग्लास आहेत आणि रोख पैशांचा व्यवहार नाही. रांग जितकी लवकर सरकेल तितकी विक्री जास्त.

शिवाय फुटबॉल नसलेल्या दिवसांची कमाई. एनएफएलशी दरवर्षी किमान दोन सामन्यांचा करार आहे. २०२१ मध्ये इथे अँथनी जोशुआ आणि ओलेक्सांद्र उसिक यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. २०२३ मध्ये बियॉन्सेच्या गाण्याचे पाच कार्यक्रम झाले. दक्षिण स्टँडखाली फॉर्म्युला वनच्या नावाने गो-कार्टचा ट्रॅकही सुरू झाला. वर्षातले ३६५ दिवस इमारत कामाला लावणे हेच या मॉडेलचे सूत्र. सरकते मैदान हे त्या सूत्राचे यंत्र आहे. ते नसते तर गवत जपण्यासाठी बाकीचे कार्यक्रम नाकारावे लागले असते.

एक हिशेब मात्र जुळला नाही. आर्सेनलने २००४ मध्येच एमिरेट्स विमान कंपनीशी १० कोटी पौंडांचा करार करून स्टेडियमचे नाव विकले होते. टॉटनहॅमच्या स्टेडियमवर उद्घाटनानंतर इतकी वर्षे झाली तरी प्रायोजकाचे नाव लागलेले नाही.

संघाचे काय झाले?

इथे चित्र संमिश्र आहे. बांधकाम चालू असताना, २०१८ च्या उन्हाळ्यात, टॉटनहॅमने एकही नवा खेळाडू घेतला नाही. त्यानंतरच्या जानेवारीतही नाही. गंमत म्हणजे त्याच हंगामात संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि १ जून २०१९ रोजी लिव्हरपूलकडून ०-२ असा हरला.

पुढच्या वर्षांत उत्पन्न वाढले, पण यश त्या प्रमाणात आले नाही. मे २०२५ मध्ये बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून संघाने युरोपा लीग जिंकली. १७ वर्षांतला हा पहिला मोठा करंडक. पण त्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये संघ १७ व्या क्रमांकावर, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण्याच्या रेषेच्या जेमतेम वर राहिला. स्टेडियम उभारणारे लेव्ही सप्टेंबर २०२५ मध्ये पायउतार झाले. स्टेडियम पैसा मिळवून देते. तो कोणत्या खेळाडूवर लावायचा हे स्टेडियम सांगत नाही. आर्सेनललाही एमिरेट्समध्ये गेल्यावर पहिल्या करंडकासाठी २०१४ पर्यंत थांबावे लागले होते.

चाहत्यांच्या तक्रारी वेगळ्या आहेत. मार्च २०२४ मध्ये क्लबने हंगामी तिकिटे महाग केली आणि २०२५-२६ पासून ज्येष्ठांसाठी नव्या सवलती बंद करण्याचे जाहीर केले. चाळीस-पन्नास वर्षे मैदानावर येणाऱ्यांना हे लागले. निदर्शने झाली. पर्यटक आणि कंपन्यांचे पाहुणे एका दिवसात जितके खर्च करतात, तितके रोजचा चाहता करत नाही. कर्जाच्या हिशेबात मात्र खर्च करणाराच मोलाचा ठरतो.

आसपासच्या रहिवाशांना काय मिळाले?

टॉटनहॅम हा लंडनमधला गरीब भागांपैकी एक. ऑगस्ट २०११ मधल्या दंगलींची ठिणगी इथेच पडली. त्यानंतर स्टेडियमकडे केवळ क्लबचा प्रकल्प म्हणून न पाहता भागाच्या पुनरुज्जीवनाचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या जमावा म्हणून स्थानिक हॅरिंगे कौन्सिलने २०१२ मध्ये क्लबवरच्या अटी सैल केल्या. त्यात परवडणारी घरे बांधून देण्याच्या अटीचाही समावेश होता. बांधकामाला सरकारी पैसा नाही हे खरे असले, तरी या सवलतीचीही काही किंमत असते. ती ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

जागेसाठी सक्तीचे भूसंपादनही झाले. पत्र्याचे काम करणाऱ्या एका जुन्या कौटुंबिक कारखान्याने ते न्यायालयात लढवले. २०१५ च्या सुरुवातीला निकाल कारखान्याच्या विरोधात गेला. स्टेडियमसमोरच्या वसाहतींच्या पुनर्विकासाचा वाद त्यानंतरही चालू राहिला.

जमेच्या बाजूला नोकऱ्या आहेत, नवे व्हाइट हार्ट लेन स्थानक आहे, सामन्याच्या दिवशी दुकानांना मिळणारे गिऱ्हाईक आहे. पण गर्दी, बंद रस्ते आणि रात्री उशिरापर्यंतचा आवाजही आहे. वर्षाला फुटबॉलखेरीज १६ मोठ्या कार्यक्रमांची मर्यादा होती, ती वाढवून ३० करण्यात आली. क्लबच्या तिजोरीत भर घालणारी प्रत्येक रात्र शेजाऱ्यांच्या झोपेतून वजा होते.

सरकारी पैशाने बांधले असते तर?

त्याचे उत्तर वेस्ट हॅमच्या ‘लंडन स्टेडियम’मध्ये आहे. ऑलिम्पिकसाठीचे बांधकाम आणि नंतरचे रूपांतर मिळून खर्च ७० कोटी पौंडांच्या पुढे गेला. त्यातले ३२.३ कोटी केवळ रूपांतराचे. वेस्ट हॅमने एकरकमी दिले दीड कोटी पौंड आणि वर्षाचे भाडे ठरले सुमारे २५ लाख पौंड, करार ९९ वर्षांचा. सामन्याच्या दिवसाचा बराचसा खर्चही स्टेडियम चालवणाऱ्या सार्वजनिक यंत्रणेकडे. ॲथलेटिक्ससाठी खुर्च्या मागे-पुढे करण्याचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट निघाला. तोट्याची भरपाई अखेर करदात्याच्या पैशातून होते. एवढे होऊनही प्रेक्षक मैदानापासून लांब बसल्याची वेस्ट हॅमच्या चाहत्यांची तक्रार कायम आहे.

टॉटनहॅमच्या वाटेत जोखीम क्लबने घेतली, म्हणून कमाईही क्लबची. आराखडा पहिल्या दिवसापासून फुटबॉलचा होता, म्हणून दुरुस्तीचा खर्च टळला. पण ही वाट कोणालाही जमेल असे नाही. लंडनसारखे शहर, प्रीमियर लीगचा टीव्हीचा पैसा आणि २०१९ चे व्याजदर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ते गणित सुटले.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये होणाऱ्या २०२८ च्या युरो स्पर्धेसाठी लंडनमधून वेम्बलीबरोबर टॉटनहॅमच्या स्टेडियमची निवड झाली आहे. ऑलिम्पिकसाठी उभारलेले लंडन स्टेडियम त्या यादीत नाही. टॉटनहॅमच्या रोख्यांतले शेवटचे मात्र फिटायला २०४९ उजाडेल. आज दक्षिण स्टँडमध्ये वडिलांच्या खांद्यावर बसून ओरडणारे पोर तेव्हा तिशी ओलांडत असेल.